तीन पायांची दुर्बीण

हसनाबादच्या शिवारात तीन पायांवर उभी राहणारी दुर्बीण याआधी एकदाच आली होती. ती लावणारा माणूस म्हणाला होता, सहज बघून राह्यलो. पुढं तलाव झाला आणि तुळजाबाईचं काळं रान त्याच्या पोटात गेलं. तेव्हापासून सहज बघणाऱ्यावर ती भरवसा ठेवत नसे. लोक तिला संशयी म्हणत. म्हणोत बापडे. ज्याचं रान बुडालं नाही, त्याचं विश्वास ठेवायला काय जातं?

१९९१ सालचा कार्तिक. तलावाचं पाणी मागं सरकलं की काठचा ओला गाळ उघडा पडतो. त्यात ती हरभरा पेरायची. कागदावर जमीन सरकारची, पण तिच्या घरची चूल त्याच गाळपेरावर पेटायची.

त्या सकाळी काठावर एक पँटवाला उभा आणि त्याच्यापुढं तीच तीन पायांची दुर्बीण. तोंड थेट तिच्या तुकड्याकडे.

शेजारच्या कचरूनं दगड उचललाच होता. तिनं त्याला दटावलं. दगड मारला तर हा पोलीस घेऊन येईल, त्यापरीस याच्या मागं हिंडून काय मोजतो ते बघू. मंग खुरपणी कोण करणार, असं कचरूनं विचारलं.

"तू. दगड उचलायची ताकद हाय ना हातात?"

माणसाचं नाव दीनानाथ, जालन्यात कुठल्याशा कचेरीत कामाला. पाखरं बघायला आलोय मावशी, म्हणाला. बसचा खर्चा करून पाखरं? जालन्यात काय पाखरांना बंदी हाय? ती त्याच्या मागं मागं चालत राहिली. काठानं, मग ज्वारीच्या बांधानं, पुन्हा काठानं.

त्यानं तिला दुर्बिणीतून नारिंगी अंगाची चक्रवाकाची जोडी दाखवली. तिनं जोडी पाहिली आणि हळूच नळी स्वतःच्या रानाकडे वळवली. बाभळीखाली बिडी ओढत बसलेला कचरू इतका जवळ दिसला, की हात लांबवून कान पिळावा. एवढं बराबर दिसतंय, तर मोजायचं काय राहिलं?

तेवढ्यात करकोच्यांचा थवा तिच्या हरभऱ्यात उतरला. तिनं ढेकूळ उचललं. दीनानाथनं चक्क हात जोडले, उडवू नका म्हणून. पिकापेक्षा पाखराची बाजू घेणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. तिचा संशय दुणावला.

दुपार कलली तरी तिची भाकरी फडक्यातच होती. रानात माणूस समोर असताना एकट्यानं खायचं नसतं. आणि एकदा का त्याला खाऊ घातलं, की त्याला शिवी देता येत नाही, हाकलता येत नाही. शेवटी पोटानं तिला हरवलं. तिनं फडकं सोडलं.

"ह्या भाकरीवर हात ठिवा अन् सांगा. रान मोजायला आले का पाखरं?"

त्यानं हात ठेवला. "पाखरं."

मग तो जेवला. ठेच्यानं डोळ्यांतून पाणी काढत, मिटक्या मारत जेवला. आणि खुशीत येऊन सांगू लागला, की एवढी पाखरं आपण दुसरीकडे पाहिलीच नाहीत, उद्या जंगल खात्याच्या साहेबांना भेटून सांगणार, हा तलाव पाखरांसाठी राखीव करा. मासेमारी बंद, नांगर बंद. पाखरं निवांत.

तुळजाबाईनं हातातला घास परत फडक्यावर ठेवला. माणूस खोटं बोलला नव्हता, तीच तर पंचाईत. तिचं अन्न खाऊन बसला होता.

"अन् आम्ही?"

"तुमची करतील ना कुठंतरी सोय."

"मागल्या बारीला बी असंच सांगितलं होतं."

तो वरमला. तुमचंही सांगतो मावशी, अगदी आठवणीनं सांगतो, म्हणाला. दिवसभरात तो जे जे बोलला, त्यात तिला हेच सगळ्यात धोक्याचं वाटलं. आपल्या माघारी आपलं म्हणणं दुसऱ्याच कुणी सांगितलं, म्हणूनच पहिलं रान बुडालं होतं.

संध्याकाळच्या बसमध्ये दीनानाथ दुर्बीण मांडीवर घेऊन बसला, तर शेजारी तुळजाबाई. पायांवरचा गाळ अजून ओला.

"तुम्ही कुठं, मावशी?"

"तुम्ही जिथं सांगायला चालले तिथं. पाखरांचं तुम्ही सांगा. माझं मी सांगते."

"आता कचेरी बंद झाली असेल."

"मंग उघडस्तोवर दारात बसते."

दीनानाथ सरकून बसला, तिला जागा करून दिली. हसनाबाद मागं पडलं तसा तो पेंगू लागला. ती मात्र जालना येईपर्यंत टक्क जागी होती. हा मधेच कुठं उतरला तर?