अर्धवट उतरलेला आवाज

झेरॉक्सच्या दुकानातल्या बाईंना सगळे थांबाताई म्हणतात. गिऱ्हाईक दारात असतानाच त्या ओरडतात, "थांबा! काही पुसू नका, काही दाबू नका." त्यांच्या मते अर्धवट उतरलेल्या फायलींचा जीव इंटरनेट घेत नाही, घाबरलेली माणसं घेतात. त्या माणसांत मी पहिल्या नंबरची.

माझे बाबा तीस वर्षं बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करायचे. ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र काढणार होते, म्हणून आदल्या आठवड्यात एका स्टुडिओत बसून त्यांनी आठ तास गोष्टी वाचल्या. आता ते पाटीवर लिहून बोलतात. पुढे स्टुडिओची डिस्क बिघडली. बाबांचा आवाज उरला तो फक्त एका लिंकवर, आणि मी थांबाताईंकडे धावले त्याच दिवशी संध्याकाळी सहाला ती लिंक बंद होणार होती.

घरी डाउनलोड अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर तुटलं. मग मी अक्कल पाजळली. फाइलच्या नावामागचं 'पार्ट' हे शेपूट काढून टाकलं, जणू नाव पूर्ण केलं की फाइलही पूर्ण होणार! आवाज वाजलासुद्धा, त्यामुळे मी स्वतःवर खूश. पण ब्राउझरला आता ती फाइल ओळखू येईना. त्याने पुन्हा शून्यापासून सुरुवात केली, तेव्हा मात्र माझं धाबं दणाणलं.

लॅपटॉप कवटाळून दुकानात पोचले तेव्हा चार वाजले होते.

"पहिल्यापासून आणायला नऊ तास लागतील," थांबाताई म्हणाल्या. "आपल्याकडे आहेत दोन. नाव कुणी बदललं?"

"मीच."

"शहाण्याच आहात. पुसली नाहीत, तेवढे उपकार."

त्यांनी आधी माझ्या फाइलची एक कॉपी पेन ड्राइव्हवर काढून ठेवली. लॅपटॉपला इंटरनेटची वायर जोडली, दुकानातले बाकीचे कॉम्प्युटर बंद केले आणि फॉर्म भरायला आलेल्या दोघांना बाकावर बसवलं. ते कुरकुरले, ताईंनी ढुंकूनही पाहिलं नाही. नवं डाउनलोड सुरू करून त्यांनी लगेच थांबवलं. त्याची जेमतेम जन्मलेली चिमुकली फाइल बाजूला काढली, माझी मोठी फाइल तिच्याच नावाने तिथे बसवली आणि डाउनलोड पुढे चालू केलं. माझा जीव टांगणीला लागला होता. आकडा शून्यावरून एकदम अठ्ठ्याण्णववर गेला! मी टाळ्या पिटल्या, तर बाईंनी डोळे वटारले. इतका शांत हात मी डॉक्टरांचाही पाहिला नव्हता.

पावणेपाचला फाइल पूर्ण उतरली.

"सुरुवातीपासून लावू?" मी विचारलं.

"सुरुवात तर अर्धवट फाइलचीही वाजते. शेवट लावा."

खोटं कशाला बोलू, दोन टक्के गेले असते तर काय बिघडलं असतं, असं वाटेत माझ्या मनात येऊन गेलं होतं. मी शेवटचं मिनिट लावलं. गोष्ट संपली. पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग बाबा स्टुडिओवाल्याला म्हणाले, "चालू आहे ना अजून? एक राहिलं." त्यांनी घसा खाकरला.

"चिमे, जेवलीस का गं?"

रोज फोनवर पहिलं वाक्य हेच असायचं. भर दुकानात, सगळ्यांदेखत मी म्हणाले, "हो बाबा, जेवले."

ताईंनी ते मिनिट पुन्हा लावलं.