सांगली हाय

उपग्रहावरनं बोललेला सांगलीचा पयला मानूस म्हंजी मी. बोललो पाच शब्द, त्यातलं तीन 'हाय'.

त्येचं असं झालं. नव्वद सालाच्या पुढं कवातरी घरबसल्या शिकायचं कालेज निघालं. नोकरी करनारी, घरदार वडनारी मानसं त्यात नावं घालायची. पुस्तकं टपालानं यायची, आन् रविवारी केंद्रावर जमायचं. आमचं केंद्र एका शाळंच्या मागच्या दोन खोल्यांत. गच्चीवर मोठी लोखंडी छत्री, खाली डबा, डब्याला टीव्ही. पुन्याच्या स्टुडिओत एक बाई शिकवायच्या, त्या हितं टीव्हीत दिसायच्या. शेवटाला पंधरा मिन्टं आमी फोन करायचा, सवाल इचारायचा. जवाब टीव्हीतनं यायचा. जेवढ्या गावांत केंद्रं, तेवढ्या गावांत एकदम ऐकू जायचा.

मी तिथं शिपाई. छत्री फिरवायची, वायरी लावायच्या, फोन जोडायचा, च्या आनायचा.

पयल्याच रविवारी सर म्हनले, "लाईन लागते का बघ. लागली की मला दे." सर म्हंजी केंद्राचे संयोजक. म्या नंबर फिरिवला. लागला. आपरेटरनं गाव इचारलं, लाईन बाईंना दिली, आन् पलीकडनं बाई बोलल्या, "हाय, सांगली!"

आता आमच्याकडं हाय म्हंजी हाय. पानी हाय. म्हस हाय. बा घरात हाय. मला वाटलं, बाई इचारत्यात, सांगली जाग्यावर हाय का न्हाई. हाय की! कुठं जानार? म्या छाती काडून सांगितलं, "हाय जी, हाय. सांगली हाय."

टीव्हीचा आवाज चालूच हुता. माजंच बोलनं टीव्हीतनं परत आलं, वर कुईं करून कानाचं पडदं फाटायची येळ. बाई हसल्या. आख्खी खोली हसली. सरांनी फोन हिसकावला आन् म्हनले, "माफ करा मॅडम, शिपाई आहे. गावंढळ आहे. पुन्हा होणार नाही."

ते बी टीव्हीतनं परत आलं. गावंढळ, दोनदा. एकदा सरांच्या तोंडातनं, एकदा वरनं आभाळातनं.

त्या दिवसापासनं माजं नाव हायहाय.

तुमाला वाटंल, मला राग आला. कशाचा! मी हसलो. मला हसायला लय चांगलं येतंय. आमी जत तालुक्यातली मेंढरामागची मानसं. बा दुसऱ्याच्या रानाकडंनं मेंढरं न्यायचा. रानाचा मालक काठी घिऊन आला की बा आदी सोताला चार शिव्या द्यायचा, मंग हसायचा. काठी खाली यायची. मी तेवढंच शिकलो. शाळंचं म्हनाल तर मास्तरनी पाटीवर 'ग' काडून दिला, तवर मेंढरं पुढच्या गावाला गेल्ती. 'ग' तिथंच ऱ्हायला.

पुढं माधवनगरला मिलमदी सूत गुंडाळायच्या खात्यात लागलो. ती मिल बंद पडली तवा हितं चिकटलो. येताना काय आनलं? रंगीत धाग्याचं चार तुकडं आन् कान. मशीन बिघडायच्या आदी कन्हतं, ते मला ऐकू यायचं.

त्याच धाग्यांनी ते केंद्र चालत हुतं. वायरीवर इंग्रजी लिवल्यालं. मला वाचता येत न्हाई, म्हनून म्या परतेक वायरीला धागा बांदला, आन् वायर जिथं घालायची त्या भोकाजवळ बी त्याच रंगाचा. तांबडा धागा तांबड्या भोकात. पिवळा पिवळ्यात. हिरवा छत्रीचा. आंधळ्यानं लावावं. शिकायला येनारी मानसं कोन? यष्टीचा कंडक्टर, दवाखान्यातला कंपौंडर, बालवाडीच्या बाया. त्यांनी जन्मात असला डबा बगितला न्हवता. समद्यांना शिकिवलं. क्यासेट आडकली तर पेन घालून कशी फिरवायची. फोनवर बोलताना टीव्हीचा आवाज पार शून्यावर न्यायचा, न्हाई तर कुईं करतंय. बोलून झालं, फोन ठिवला, की मंग आवाज वाडवायचा आन् जवाब ऐकायचा.

सर पदवीवर पदवी घेतल्यालं. रिमोट उलटा धरायचे आन् म्हनायचे, "सेल संपलेत." मी सुलटा करून द्यायचो. मंग म्हनायचे, "बघ, चालला."

पाहुणे आले की सर म्हनायचे, "हायहाय, करून दाखव रे." मी कान धरल्यावानी फोन धरायचो. "हाय जी, हाय. सांगली हाय." पाहुणे पोट धरून हसायचे. साताऱ्याला नवं केंद्र निघालं तवा मला संगं नेलं. छत्री म्या बसिवली, वायरी म्या जोडल्या, दिवस घातला. जेवताना सर म्हनले, "आता गंमत बघा," आन् मला उभं केलं. म्या केलं. एकदा केलं, परत करा म्हनले, परत केलं. कुनीतरी दोन कंदी पेढं हातावर ठिवलं. खाल्लं. ग्वाड लागलं. ग्वाड लागलं, ही खरी लाज.

मंग सुभद्राक्का आल्या. जतकडनं, पयल्या यष्टीनं, दोन गाड्या बदलून. बालवाडीत काम. वय माज्याएवडंच. वरनं हुकूम आल्ता, या वर्साला परीक्षा पास व्हा, न्हाई तर बालवाडी दुसरीला देनार. पयल्या दिवशी सरांनी हजेरी घेतली. नाव आलं तशी अक्का उठल्या आन् म्हनल्या, "हाय."

सरांनी चष्मा खाली केला. "उपस्थित म्हणायचं. उप-स्थित." मंग माज्याकडं बगून म्हनले, "हायहाय, तुझी बहीण आली रे!"

खोली हसली. सगळ्यात मोठ्यांदा मी हसलो. आता माजी पाळी न्हवती, दुसऱ्याची हुती, म्हनून हसलो. काठी दुसऱ्याच्या पाठीवर चालली की असलं हसू येतं. जे कोन हे लिवून घेतंय, त्येला सांगतो, ही वळ गाळायची न्हाई. आन् माज्या 'हाय'चं 'आहे' करायचं न्हाई.

अक्का हसल्या न्हाईत. खाली बसल्या. त्येच्यापुढं हजेरीला नुसता हात वर करायच्या.

परीक्षेला बसायच्या आदी गृहपाठ पास व्हावा लागायचा. अक्कांचा परत आला. लाल शाई. 'भाषा अशुद्ध. पुन्हा लिहा.' परत लिवला. परत लाल. तिसऱ्यांदा लिवला. नापास. परीक्षेला बसता येनार न्हाई. अक्का व्हरांड्यात कागद मांडून बसल्या आन् मला वाचून दाखिवला. मुलांना काय शिकवावं, असा काय तरी सवाल हुता. अक्कांनी लिवल्तं, पोरं मातीत ख्येळत्यात तवाच मोजाय शिकत्यात, बी पेरताना, मेंढरं मोजताना. 'ख्येळत्यात'ला गोल. 'तवा'ला गोल. मला तर त्यात एक बी चूक दिसंना. वाचायला बी येत न्हाई, पर चूक दिसंना.

अक्का सरांकडं गेल्या. मी दारात कपबशा घिऊन हुतो.

"सर, कुठला शब्द चुकला, तेवडं सांगा."

"सगळेच."

"मंग ह्ये नापास कुनी केलं?"

"पुण्याहून आलंय. माझ्या हातात काय आहे?"

"आवं, मग येत्या रविवारी फोनवर बाईंनाच इचारते की."

सर खुर्चीतनं उठले. "बाई, तुम्ही फोनला हात लावायचा नाही. या केंद्राची शोभा एकदा झालीय." आन् माज्याकडं बोट.

अक्कांनी बोटाच्या टोकाकडं बगितलं. तिथं मी. हातात कपबशा, तोंडावर हसू. हसू काडायचं ऱ्हाऊन गेल्तं. मंग कागदाची गुंडाळी करून गेल्या. मला कळलं, या बाईच्या हातची बालवाडी माज्या पाच शब्दांनी चाललीया. पाच शब्दांनी न्हवं. त्या शब्दांचा जो तमाशा म्या गावोगाव केला, त्येनं. सरांनी शिवी दिली एकदाच. ती वाजवत फिरलो मी.

तो रविवार शेवटचा. त्येच्यापुढं परीक्षाच.

सरांनी चिठ्ठी लिवून आनलेली. सवाल बिवाल काय न्हाई, 'आपल्या मोलाच्या मार्गदर्शनाबद्दल सांगली केंद्र ऋणी आहे' असलं काय तरी. फोनवर बोलायच्या आदी सर कंगव्यानं भांग पाडायचे. फोनला भांग दिसतो, असं त्यांना वाटायचं. सर भांग पाडत हुते आन् मी नंबर फिरवत हुतो. लागंना. परत. लागंना. पंधरा मिन्टांतली निम्मी गेली. मंग लागला.

"हाय, सांगली!"

म्या टीव्हीचा आवाज शून्यावर नेला. म्हनलं, "हाय. आन् सांगलीला इचारायचंय." सरांनी हात पुढं केला. म्या फोन त्यांच्या हाताखालनं न्हेला आन् सुभद्राक्कांच्या हातात दिला.

अक्कांनी फोन दोन्ही हातांनी धरला. आन् बोलल्या. "बाई, मी सुभद्रा बोलती, जत तालुक्यातली. बालवाडीत हाय. माजा गृहपाठ तुमी तीनदा नापास केला, भाषा अशुद्ध म्हनून. माजं बोलनं असंच हाय. जवाब चुकला का बोलनं चुकलं, तेवडं सांगा. परीक्षेला बसाय मिळंना, माजं काम जातंय."

"कट कर," सर माज्या कानात. "कट कर, मूर्खा."

अक्कांनी फोन ठिवला. टीव्हीत बाईंचं तोंड हलत हुतं. आवाज शून्य. बटनावर माजा हात.

"आवाज वाढवायचा नाही," सर म्हनले.

सात वर्सं मी त्या मानसाला न्हाई म्हनलो न्हवतो. तोंडाला सवय न्हवती. आदी नुसता वारा निगाला. मंग निगालं.

"न्हाई."

बटन शेवटाला न्हेलं.

बाई म्हनत हुत्या, "...सुभद्राताई, गृहपाठ आमच्याकडे येतच नाहीत. ते तुमच्या केंद्रावरच तपासतात. आणि उत्तर बरोबर असेल तर बोलीत लिहिलं म्हणून नापास करायचा आमचा नियम नाही. तिन्ही गृहपाठ टपालानं माझ्याकडे पाठवा, मी स्वतः बघते. सांगलीच्या संयोजकांनी मला आजच फोन करावा."

जेवढ्या गावांत केंद्रं, तेवढ्या गावांत ऐकू गेलं.

मंग कंडक्टर मागनं म्हनला, "आवं सर, म्हंजी पुन्याचं लाल पेन तुमच्याच खिशात हुतं व्हय?"

सरांचा हात खिशाकडं गेला. खरंच तिथं हुतं. समद्यांनी बगितलं. ह्या बारीला मी हसलो न्हाई. गंमत बगा, हसायची येळ खरी हीच हुती, आन् हसूच आलं न्हाई.

सर माज्यापुढं आले. "उद्यापासून येऊ नकोस. हे यंत्र चालवायला माणसं मिळतात."

मला वाटलं, आता आख्खी खोली उठंल, म्हनंल, ह्यो गेला तर डबा कोन चालवनार! कंपौंडर उठला. म्हनला, "त्यात काय हाय सर? तांबडा धागा तांबड्या भोकात. आमा समद्यांना येतंय."

घ्या. म्याच शिकिवल्तं.

तरी बी म्या सरांना सांगितलं, आन् हात जोडल्याबिगर सांगितलं. "मी येनार. उद्या येनार, परवा येनार. काडायचं तर कागदावर लिवून काडा, आन् कारन लिवा, 'हाय' म्हनला म्हनून काडला. वाचाय येत न्हाई मला, कंडक्टरकडनं वाचून घेईन. आन् आजपासनं 'करून दाखव' म्हनायचं न्हाई. मी करून दाखवायला जनावर न्हाई. हायहाय म्हनून हाक मारली तर वळनार न्हाई. च्या मागितला तर च्या दीन. माजी जीभ मागायची न्हाई."

कागद काय त्यांनी लिवला न्हाई. शुद्ध भाषेत ते कारन लिवायला जमलं नसंल. मी जातच ऱ्हायलो. पाहुणे आले की सर माज्याकडं बगायचे, मी त्यांच्याकडं बगायचो. दोघं बी गप. पाहुण्यांची करमनूक बंद. साताऱ्याला परत न्हेलं न्हाई, पेढं बंद. एकदा एक पाहुणा सोताच म्हनला, "अरे, तो हाय हायवाला कुठाय?" म्या म्हनलं, "मेला." तवापासनं तो मेलाच. त्येला मी परत उठू देनार न्हाई, माज्यात बी न्हाई, माज्या पोरांत बी न्हाई.

अक्कांचं कागद पुन्याला गेलं, पास हून आलं. परीक्षेचं कार्ड न्यायला त्या केंद्रावर आल्या. सरांनी मान खाली घालून सही केली. मी त्यांची पिशवी उचलून यष्टी स्टँडापर्यंत गेलो. जतची गाडी लागली हुती. मला ऱ्हावलं न्हाई. म्हनलं, "बगा अक्का, त्या दिशी म्या बटन फिरिवलं न्हवं का, म्हनून तुमचं वरीस वाचलं."

अक्कांनी माज्या हातातनं पिशवी घेतली. पायरीवर एक पाय ठिवला आन् वळून म्हनल्या, "मामा, बोलले मी. तुमी नुसतं बटन फिरिवलं. आन् हजेरीच्या दिशी सगळ्यात मोठ्यांदा कोन हसलं हुतं, ते ध्यानात हाय माज्या. अजून हाय."