टांगलेला कावळा

आमच्या घरात तंबू उभारण्याचं काम नवऱ्याचं, आणि तो वाकडा उभारलाय हे सांगण्याचं माझं. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ही वाटणी बदललेली नाही. तो जपानी आहे, त्यामुळे वाकडा नसला तरी आधी माफी मागतो आणि मग पुन्हा दोऱ्या ताणतो. मी खुंट्यांची पिशवी हातात धरून मोठ्या जबाबदारीने उभी असते.

ओबोनच्या सुट्टीत आम्ही दरवर्षी याच नदीकाठच्या कॅम्पच्या जागी येतो. ओबोन म्हणजे इथला पितृपंधरवडाच, फक्त थोडक्यात आटोपलेला. पूर्वज घरी येतात, थोडे दिवस राहतात, परत जातात. थोरल्या दिरांकडे देवघरापुढे उदबत्ती लावायची, सगळ्यांबरोबर गार नूडल्स खायच्या, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत सामान कोंबून, आम्ही राहतो त्या एदोगावाची गर्दी मागे टाकायची, असा आमचा शिरस्ता.

या वर्षी मागच्या सीटवर लेकीच्या शेजारी माझी आई होती. मांडीवर स्टीलचा डबा. "यात काय आहे?" असं मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

बाबा चैत्रात गेले. मी एकुलती एक. विमान पकडून पोचले तोवर अग्नी देऊन झाला होता, पण दहाव्याला मी घाटावर होते. चुलतभावाने पिंड ठेवले आणि आम्ही सगळे मागे सरकून उभे राहिलो. कावळे होते. भिंतीवर बसले होते, माना वाकड्या करून बघत होते. एकही खाली येईना. मग जो तो बाबांना शब्द देऊ लागला. घराचं बघू, झाडांना पाणी घालू, पुस्तकं वाचनालयाला देऊ. मी पुढे होऊन मोठ्याने म्हटलं, "बाबा, आईची काळजी करू नका. मी तिला माझ्याकडे घेऊन जाते. कायमची." म्हणताना मला स्वतःचा जरा अभिमानही वाटला होता, आता सांगायला हरकत नाही. कावळा उडाला आणि शेजारच्यांच्या पिंडावर जाऊन बसला.

शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला, आणि आम्ही पाय धुऊन घरी आलो.  त्या दिवसापासून आई दहीभात खायची बंद झाली.

जूनमध्ये मी तिला इकडे आणलं. ती आमच्या घरात पाहुण्यासारखी राहिली, आणि हे मला कळायला वेळ लागला, कारण ती फार चांगली पाहुणी होती. कचऱ्याचे वार माझ्याआधी पाठ केले. जळणारा, न जळणारा, बाटल्या वेगळ्या. सकाळी कचऱ्यावर टाकलेली निळी जाळी बघून एकदा म्हणाली, "इथे कावळा येऊ नये म्हणून जाळी घालतात. आपण हाका मारतो, तर येत नाही." मी हसले. ती हसली नव्हती.

तिचा व्हिसा वाढवण्याचे कागद नवऱ्याने तयार करून ठेवले होते. सुट्टी संपली की द्यायचे. मी आईच्या खोलीसाठी नवीन पडदेसुद्धा घेतले होते. पडद्यांचा रंग मी तिला विचारला होता. राहणार का, ते मात्र विचारायचं राहून गेलं होतं.

तर नदीकाठ. तंबू उभा राहिला, चहा झाला, आणि आई डबा घेऊन पाण्याकडे निघाली. मी मागोमाग. तिने एक सपाट दगड निवडला, पाण्याने धुतला, कागदी बशीत दहीभाताचा मुटका ठेवला, वर चिमूटभर तीळ. तेवढ्यात लेक धावत आली.

"आजी, डामे! डामे!" तिने दोन्ही हातांनी फुली केली. मनाई असली की लेक मराठी विसरते. मग माझ्याकडे वळून जपानीत तिने सगळं सांगितलं. पाटी लावली आहे, उघड्यावर अन्न ठेवायचं नाही, कावळे येतात, लोकांना त्रास होतो.

"काय म्हणते ही?" आई.

"म्हणते, कावळे येतील."

"मग बरोबर आहे की!"

पण कावळे येत नव्हते. पलीकडच्या झाडीत ओरडत होते, चांगले कोंबडीएवढाले, पण आमच्या बाजूला एकही फिरकेना. कारण नवऱ्याने दाखवलं. भांडी घासायच्या शेडपाशी एका उंच काठीला काळं काहीतरी उलटं लटकत होतं. प्लास्टिकचा मेलेला कावळा. पंख पसरलेले, चोच खाली. तो बघून खरे कावळे लांब राहतात, असं तो म्हणाला, आणि सवयीने माफीही मागितली, जणू तो त्यानेच टांगला होता.

आई बराच वेळ वर बघत राहिली. "तिथे दर्भाचा, इथे प्लास्टिकचा," म्हणाली. "ह्यांच्या नशिबी खरा नाहीच." आणि वाकून बशी उचलायला लागली.

 मी काही बोलणार, इतक्यात नवरा म्हणाला, "आई, बसा. थांबा." त्याचं मराठी एवढंच, पण आईशी तो तेवढ्यावर सगळा संसार चालवतो. आणि तो कॅम्पच्या व्यवस्थापकांच्या खोलीकडे चालू लागला.

मी लांबून बघत होते. या माणसाने आयुष्यात हॉटेलात मीठ कमी आहे असं कधी सांगितलेलं नाही. तो आता एका अनोळखी माणसाला कावळे बोलावण्याची परवानगी मागत होता. दोघंही एकमेकांपुढे वाकत होते. काउंटरवर काकडीला काड्यांचे पाय लावून केलेला घोडा ठेवलेला मला दिसत होता. ओबोनला पूर्वजांनी लवकर घरी यावं म्हणून तो करतात. व्यवस्थापकांनी एकदा त्या घोड्याकडे पाहिलं, एकदा माझ्या आईकडे. मग लांब आकडा घेऊन बाहेर आले, कावळा उतरवला, पाठीमागे धरला आणि शेडपाशी तोंड फिरवून उभे राहिले.

"थोडा वेळ," नवरा परत येऊन म्हणाला. "नंतर दगड आपण धुवायचा."

आम्ही मागे सरलो. काही वेळाने एक कावळा खरंच उतरला. दगडापासून जरा दूर, वाळूत. मला घाटच आठवला आणि मी घाटावरचंच बोलले. "बाबा, आईला मी इथेच ठेवून घेते. तिची खोली तयार आहे. तुम्ही निश्चिंत व्हा."

कावळा दोन उड्या मागे गेला.

"आम्ही तिला काही कमी पडू—"

"थांब गं," आई म्हणाली. "सारखं सारखं तेच काय सांगतेस त्यांना?"

"अगं, त्यांना काळजी असेल ना तुझी."

"ती काळजी तुझी आहे. त्यांना कशाला घालतेस त्यात?"

नदीचा आवाज एकदम मोठा झाल्यासारखा वाटला. आई दगडाच्या दिशेने एक पाऊल पुढे गेली. बाबा गॅलरीत पेपर वाचत असले की ती जशी आतून बोलायची, तसं ती बोलू लागली. मोठ्याने नाही, त्यांना ऐकू जातंय असं गृहीत धरून.

"अहो, मी आपल्या घरी जाते परत. एकटी राहीन. जमेल मला. रात्री कडी लावायची विसरणार नाही. तुमची खुर्ची तिथेच राहू दे, मी बसेन तिच्यावर. हिने फार केलं माझं, जावयांनीही केलं. पण मला तिथेच राहायचंय." थोडं थांबून म्हणाली, "घाटावर बोलता आलं नाही. ही आधीच बोलून बसली होती."

मी खुंट्यांची पिशवी अजून हातातच धरली होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

कावळा आला. घाईने नाही. दगडावर चढला, बशीकडे पाहिलं, मुटक्याचा मोठा घास उचलला आणि पाणी ओलांडून झाडीत गेला. भुकेला असणार. ओबोनला आलेले लोक नियम पाळतात, इथल्या कावळ्यांना सुट्टीत फार कमी मिळत असेल. मी स्वतःला हे सगळं समजावून सांगितलं आणि नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकवून रडले. लेकीने आजीचा हात धरला होता. 

मग आम्ही दगड धुतला. आईने स्वतः घासला, घरचा ओटा घासते तसा. व्यवस्थापकांनी कावळा पुन्हा काठीला लावला. आईने त्यांना हात जोडले, ते वाकले, मग आई वाकली, मग ते परत वाकले. हे थांबेल की नाही अशी शंका यायला लागली तेव्हा नवऱ्याने मध्ये पडून दोघांना सोडवलं.

तंबूपाशी येऊन आई खुर्चीत बसली आणि डब्यातला उरलेला दहीभात चमच्याने खाऊ लागली. चैत्रापासून पहिल्यांदा. मीठ कमी पडलंय म्हणाली. मी मीठ दिलं.

"दिवाळीनंतरचं तिकीट बघू?" मी विचारलं. तोपर्यंत तरी राहील, अशी आशा माझ्या आवाजात होती, ती मलाच ऐकू आली.

"गणपतीच्या आधीचं बघ," आई म्हणाली. "घर बंद आहे. गणपती येईल तेव्हा दार उघडायला कुणीतरी हवं."

मी फोन काढला आणि तिकीट शोधू लागले. नवरा तंबूची एक दोरी सैल झाली होती ती ताणत होता. तंबू डावीकडे झुकला होता. मी सांगितलं नाही.