सरदारांची शिकारी मोटार आणि मी, बी. ए.

संस्थान विलीन झालं आणि आमच्या घरी मोटार आली.

या दोन गोष्टींचा संबंध आहे. जहागिरी जाणार म्हटल्यावर ग्वाल्हेरच्या सरदारमंडळींनी झुंबरं, गालिचे, हत्तीचे हौदे विकायला काढले. आमचे आबा ज्या सरदारांच्या पदरी वीस वर्षं होते, त्यांनी मोटार काढली. साधी नव्हे, शिकारी मोटार! वरून दरबारात शोभेल अशी, खालून जंगलात जाईल अशी. लाल चामड्याच्या गाद्या, बंदुका ठेवायला खाचा, आणि समोर दिवा एवढा की वाघाने आपणहून शरण यावं.

मी घराण्यातला पहिला बी. ए. मध्यभारत सरकारच्या कचेरीत पक्की नोकरी. आमच्याकडे आजवर कोणी भाला आणि घोड्याचा खरारा याखेरीज हातात काही धरलं नव्हतं. मी स्टिअरिंग धरायचं ठरवलं.

(खरं कारण सांगून टाकतो. मुरारच्या सुभेदारांच्या इंदूला मी कॉलेजच्या वादविवादात बोलताना ऐकलं होतं. माझ्या विरुद्ध बाजूने बोलली आणि मला तिचंच पटलं! मागणी घालायला माणूस पाठवला, तर सुभेदार म्हणाले, "मुलगा शिकलाय, कबूल. पण घराणं?" आता घराणं कुठून आणायचं? मोटार आणता येत होती.)

घरी कोणाला न सांगता मी साठवलेले पैसे घेऊन सरदारांच्या कोठीवर गेलो. आबांना चकित करायचं होतं. कारभाऱ्यांनी किल्ली दिली आणि म्हणाले, "रीतीप्रमाणे माणसं हात लावतील." सहा माणसं मागे उभी राहिली. त्यांनी गाडीच्या पाठीला हात लावला, तोच हात कपाळाला लावला, आणि पुन्हा गाडीला लावून उतारावर वीस पावलं धावत आली. गाडी गुरगुरली, मी निघालो. निरोप द्यावा तर असा! माझे डोळे पाणावले.

दौलतगंजात आमच्या दाराशी गाडी उभी केली. आबा बाहेर आले, त्यांनी गाडीला एक फेरी मारली, आणि एवढंच विचारलं, "माणसं किती दिली?"

"माणसं कशाला? मी एकटा चालवणार."

"एकटा?" आबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कुस्तीला एकट्याने दोन पैलवान घेतोय. मग आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू होईना. नई सडकेच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलं आणि स्वतःचे दोन्ही कान पकडले.

"बाबूजी, इंजन तो शेर है। बस सोता बहुत है।"

"मग जागं करा की!"

"पुर्ज़ा कलकत्ते से आएगा।"

पुर्जा आला तेव्हा माझी सायकल गेली. रेडिएटर गळायला लागला तेव्हा घड्याळ गेलं. मोटार असलेला आमच्या कचेरीतला मी एकटाच कारकून, आणि पायी येणाराही मी एकटाच! साहेबांनी विचारलं, "किती वाजले?" तर मी खिडकीतून ऊन बघून सांगायचो. आई म्हणाली, "अरे, हिला विकून टाक ना." मी म्हणालो, "आई, भारी गाडीला भारी खर्च असतोच." (हे मी वाक्य म्हणून बोललो. पटायला नंतर लागलं.) आबा मात्र ओट्यावर बसून सगळं बघायचे आणि सुपारी कातरायचे.

शेवटी मोटारीची बातमी मुरारला पोचली आणि मुलगी बघायला जायचा दिवस ठरला. मिस्त्रींनी पहाटेच येऊन, दोन तास हँडल मारून गाडी चालू करून दिली आणि बजावलं, "बाबूजी, बंद मत करना। चाहे कुछ हो जाए।" मी कोट घातला. आई मागे बसली. आबा मागच्या दाराशी नुसतेच उभे.

"आबा, पुढे बसा ना."

"मी? या गाडीत?" असं म्हणून आईशेजारी अगदी काठावर टेकले.

नई सडकेवर एक बैल आडवा आला. मी हॉर्न वाजवला. वाजला तो थांबेचना! सरदारांचा तो चार सुरांचा हॉर्न ऐकून म्हातारे दुकानदार गडबडीने उठून मुजरे करू लागले. काय करणार? मीही मान हलवून मुजरे घेतले. आई म्हणाली, "लाज वाटते का रे?" खरं सांगतो, वाटत नव्हती.

असे गर्जत आम्ही मुरारला पोचलो. अख्खी गल्ली बाहेर आलेली. सुभेदार दारात, इंदू वरच्या खिडकीत. आणि त्यांच्या दारापासून तीस पावलांवर, बरोबर तीस, गाडी मेली. हॉर्न सोडून सगळं बंद!

मी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. खिडकीतून इंदू बघत होती. घराणं माझ्या डोळ्यांदेखत तीस पावलं अलीकडे संपत होतं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. आबा उतरले, कोट काढून आईच्या मांडीवर ठेवला, धोतर खोचलं, गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला हात लावून कपाळाला लावला, आणि ओरडले, "हात लावाऽऽ!" गल्लीतले पाच जण नकळत पुढे धावले. "यशवंता, दुसऱ्या गिअरात टाक! क्लच दाबून ठेव... सोड आता!"

गाडी वाघासारखी उठली आणि सुभेदारांच्या दारात जाऊन थांबली. मी तोंड उघडं टाकून बसलो. वीस वर्षं आबा घरी सांगायचे, "मी मोटारीच्या तैनातीत आहे." लहानपणी मी वर्गात छाती काढून सांगायचो, आमचे आबा सरदारांच्या मोटारीमागून धावतात, अंगरक्षक आहेत! अंगरक्षक कसले? सरदारांकडे ती गाडी कधी ढकलल्याशिवाय चालू झालीच नव्हती!

"आबा, मला आधी का नाही सांगितलं?"

"धन्याच्या गाडीची खोड बाहेर बोलायची नाही, शपथ होती."

"पण आता संस्थान विलीन झालं ना!"

"संस्थान झालं. शपथ नाही झाली."

सुभेदार पायऱ्या उतरून आले. माझ्याकडे पाहिलंही नाही. आबांचे दोन्ही हात धरले. "डावा कोपरा! मी म्हणतोच आहे, ही हाक ओळखीची! दसऱ्याच्या स्वारीत आम्ही पुढे घोड्यांवर, आणि हा गडी मागे. एकदाही स्वारी अडू दिली नाही." मग आत तोंड करून म्हणाले, "चहा ठेवा गं. घराणं विचारत होतो ना, ते आलंय."

चहा घेऊन इंदू आली. मला काही विचारायचंय का, असं सुभेदारांनी विचारलं. मी चहात साखर ढवळत बसलो. मग तीच म्हणाली, "मला विचारायचंय. परत जाताना कोण ढकलणार?"

"मी," मी म्हणालो. एवढ्या ठामपणे मी विद्यापीठाच्या तोंडी परीक्षेतही बोललो नव्हतो. ती हसली, आणि लग्न ठरलं.

निघताना आबा पहिल्यांदा पुढे बसले, स्टिअरिंगवर. वीस वर्षं मागून ऐकून सगळे गिअर त्यांना पाठ होते. मी मुलगी बघायला घातलेला नवा कोट काढला आणि मागच्या डाव्या कोपऱ्याला हात लावला.

आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. मीच, यात वाद नाही. ढकलणारा मात्र दुसरा. आणि आबा चारचौघांत सांगतात, पहिल्याची सर नाही!