बूच मात्र आपणच लावायचं

जपानमधल्या त्या मोठ्या भूकंपानंतरच्या वर्षी आम्ही तिथल्या ग्योतोकुला जुना फ्लॅट घेतला. एवढ्या हादऱ्यातून इमारत शाबूत राहिली म्हणजे ती परीक्षा पास झालेली आहे, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं होतं. तो एका संशोधन संस्थेत पदार्थांच्या उष्णतावहनावर काम करतो, त्यामुळे घरातल्या कुठल्याही तापणाऱ्या वस्तूवर पहिला हक्क त्याचा असतो. फ्लॅटबरोबर आलेला गॅसचा गीझर अर्थातच त्याच्या देखरेखीखाली होता. पुढे काही वर्षांनी मार्चमधल्या एका गारठलेल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या गीझरच्या पॅनेलवर लाल आकडा लुकलुकायला लागला आणि गीझरने मान टाकली.

नवऱ्याने आधी तो दुरुस्त करून घ्यायचं ठरवलं. आमच्या पुण्याच्या घरी मिक्सरचं भांडंसुद्धा तीनदा दुरुस्तीला जाऊन आल्याशिवाय कुणी टाकत नाही. दुरुस्ती करणाऱ्या कंपनीने फोनवर फार अदबीने सांगितलं की एवढ्या जुन्या मॉडेलचे सुटे भाग आता मिळत नाहीत. मग त्याने तीन ठिकाणांहून कोटेशनं मागवली. तिसऱ्या दुकानाचा माणूस स्वतः घरी आला, दारात बूट सरळ लावून ठेवले, गीझरचे फोटो काढले आणि आकडा सांगितला. नवऱ्याने तो शांतपणे ऐकला आणि आपला हुकमी प्रश्न टाकला: जुन्याचे किती कमी कराल?

त्या माणसाने दातांतून हवा आत ओढली. जपानमध्ये हा आवाज आला की पुढे नकार येणार हे मला भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सगळीकडे कळून चुकलं आहे. जुना गीझर काढून नेण्याचे पैसे वेगळे द्यावे लागतात, असं त्याने जवळजवळ माफी मागत सांगितलं. आपली वस्तू द्यायची आणि वर पैसेही आपणच मोजायचे, हा धक्का नवऱ्याला गीझर बंद पडल्यापेक्षा मोठा होता. रात्री जेवताना त्याने तो दोनदा तरी बोलून दाखवला.

खरा वाद मात्र वेगळाच होता. साधा गीझर नुसतं गरम पाणी देतो. महाग गीझर टब आपोआप भरतो, पाणी गार झालं की तेच पुन्हा तापवतो, आणि बाहेरून फोनवर बटण दाबलं तरी कामाला लागतो. दोन्हींच्या किमतीत साठेक हजार येनचा फरक होता. नवरा टबात कधी बसत नाही. सगळ्यांनी एकाच पाण्यात बसायचं ही कल्पना त्याला इतक्या वर्षांत पटलेली नाही; तो टबाशेजारी छोट्या स्टुलावर बसून पुण्याहून आणलेल्या मगाने बादलीतलं पाणी घेतो आणि मध्येच एखादं स्तोत्र पुटपुटतो. मी सकाळी शॉवर घेऊन स्टेशनकडे पळते. टबात बसणारी घरात एकच होती, आमची मुलगी. ती क्लासवरून आली की अंग धुऊन टबात शिरायची आणि हाक मारली तरी बाहेर यायची नाही. तिला त्याच आठवड्यात नागोयाच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. महिनाअखेरीला ती जाणार होती.

म्हणजे हिशेब सोपा होता आणि नवऱ्याने तो मांडलाही. टबात बसणारी चालली, मग टब तापवणाऱ्या यंत्रावर खर्च कशाला? मला तो हिशेब मुळीच आवडला नाही. आधी टब, मग तिची खोली, मग तिचं कपाट, असं एकेक करत घर आम्हा दोघांच्या मापाचं होईल आणि तिला इथे परत येण्यासारखं काही उरणार नाही, याची मला भीती वाटत होती. मी तसं सरळ म्हणाले. तो म्हणाला, ‘‘अगं, गीझरचा विषय चाललाय.’’

मुलगी सोफ्यावर फोन बघत होती. मान वर न करता ती जपानीत म्हणाली, ‘‘स्वस्तातला घ्या. मी नसणारच आहे.’’

ती आमचं भांडण मिटवायला तसं म्हणाली होती, रागाने नव्हे. पण नवऱ्याने कोटेशनांचे कागद गोळा करून ठेवून दिले. पातेल्यात पाणी तापवून आंघोळी करण्याच्या त्या दिवसांत तो खुशीत असायचा, गीझरशिवायही कसं छान चालतं हे आम्हाला पटवून द्यायचा. त्या रात्री त्याने पातेल्याचा विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने महाग गीझरची ऑर्डर देऊन टाकली. मी कारण विचारलं तर धुरातून वाया जाणारी उष्णता हा गीझर कशी परत वापरतो, यावर मला अर्धा तास ऐकावं लागलं. फ्लॅट विकायची वेळ आली तर किंमतही चांगली येईल म्हणे. मी मान डोलावली. इतक्या वर्षांच्या संसारात त्याच्या कोणत्या कारणाला किती मान डोलवायची हे मला जमायला लागलं आहे.

गीझर बसवायला तोच माणूस आला. त्याने सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाला की फोनवरून टब भरायचा असेल तर तळाचं बूच आधी लावून ठेवा, नाहीतर पाणी सगळं वाहून जाईल. यंत्राला ते कळत नाही. नवऱ्याला हे फार लागलं. एवढे पैसे घेतले आणि बूच मात्र आपणच लावायचं, हे पुढे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवलं गेलं. मुलीने ते ॲप स्वतःच्या फोनवर घेतलं, आठ-दहा दिवस मनसोक्त वापरलं, आणि दोन बॅगा घेऊन नागोयाला गेली.

मेच्या सुट्ट्यांत तिला कॅफेतल्या पार्ट-टाइम नोकरीमुळे यायला जमणार नव्हतं. मी लाडू करून पार्सलने पाठवायचं ठरवलं होतं. सुट्टीतल्या एका दुपारी मी बेसन भाजत असताना स्वयंपाकघरातलं पॅनेल बाईच्या गोड आवाजात बोललं, ‘‘टबमध्ये पाणी भरते आहे.’’

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कुणीही बटण दाबलं नव्हतं. नवऱ्याचा चेहरा उजळला. जितकी फीचर्स जास्त तितका बिघाड जास्त, असं म्हणत तो वॉरंटीचं कार्ड शोधायला लागला. मी गॅस बंद करून न्हाणीघरात गेले. टब घासून लख्ख केलेला होता आणि पाणी चढत होतं. बूच लावलेलं होतं. ते मी लावलेलं नव्हतं. मी तर मार्चनंतर त्या टबाला हातही लावला नव्हता.

मी बाहेर येऊन नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. तो कार्डावरचा बारीक मजकूर फार लक्ष देऊन वाचत होता.

पाणी तयार असल्याचं पॅनेलने सांगितलं आणि थोड्याच वेळात दाराची बेल वाजली. मुलीने दारातच बॅग टाकली, कॅफेतून सुट्टी मिळाली म्हणत मला मिठी मारली, कढईतलं गरम बेसन चिमूटभर खाल्लं आणि सरळ न्हाणीघराकडे निघाली. दारात थांबून, चक्क मराठीत, बापाला म्हणाली, ‘‘बूच असेल की नाही माहीत नव्हतं मला. ट्रेनमधून नुसतं दाबून बघितलं.’’

‘‘पाइपातून वास येतो,’’ नवरा कार्डावरून नजर न काढता म्हणाला. ‘‘म्हणून लावून ठेवतो रोज.’’

आमच्या पाइपातून कधीच वास येत नाही.