पाचवं नाव
भाताच्या रोपांसाठी शेतात राब भाजल्याचा धूर नाकात गेला की सिद्धगडाखालच्या आमच्या घराची पडवी आठवते. नेट तेवढं तिथेच मिळायचं, म्हणून काम तिथे बसूनच करायचो. मी एका दवाखान्याच्या वेबसाइटची चाचणी करत होतो. रुग्णाच्या कुटुंबाच्या पानावरची नावं शोधून मोजणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली होती आणि नमुन्याला आमच्याच घरातली पाच नावं घातली होती. त्या चैत्रात आबा, म्हणजे माझे आजोबा, गेले. दिवसकार्य उरकून कामाला बसलो आणि पानावरून त्यांचं नाव काढलं. डोळ्यांना चार नावं दिसत होती, स्क्रिप्ट मात्र पाच मोजत होती. नाव पुसलं गेलंच नव्हतं, पानात नुसतं लपलं होतं. वडील राब भाजून आले, अंगावरची राख झटकत शेजारी टेकले. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे आबा अजून आत हायत?" मी म्हटलं, "हां, पण ती चूक हाय. कळवायला लागेल." "कुणाला तरास होतोय काय त्यांचा?" मी वेबसाइट बनवणाऱ्यांना चूक कळवली. संध्याकाळी दुरुस्ती आली आणि मी स्क्रिप्ट पुन्हा चालवली. वडिलांनी अंगणातूनच विचारलं, "किती आली?" "चार," मी म्हटलं. ते विझलेला राब बघायला पुन्हा शेतावर गेले. आता नमुन्याला मी फळांची नावं घालतो.