ओल्या रेतीचा रंग

जैनब लग्न होऊन चंद्रपूरला आली, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूचा मार खाता खाता वाचली. घर रंगाऱ्यांचं. अंगणात कढया, दोरीवर ओढण्या. एका ओल्या ओढणीकडे बघून ती सहज म्हणाली, "किती छान जांभळी!" सासूने धावत येऊन तिच्या तोंडावर हात ठेवला. कापड ओलं असेपर्यंत त्याच्या रंगाचं नाव घ्यायचं नाही, अशी त्या घराची रीत होती. ओला रंग गडद दिसतो, वाळला की उतरतो. ओल्यावर बोलणाऱ्याची जबान गिऱ्हाइकासमोर खोटी पडते. कमरुद्दीन, तिचा नवरा, वाळलेलं कापड तळहातावर घेऊन उन्हात धरायचा आणि मगच नाव घ्यायचा, जणू बारशाला बसलाय.

कमरुद्दीनला जाऊन आठ वर्षं झाली. रंगवून घ्यायला कापड आणणारी माणसं त्याच्याही आधी संपली होती. कढया भंगारात गेल्या. मग लेक जोया परत आली, सहा वर्षांच्या अरीबाला घेऊन. जावई मुबीन नागपुरात नोकरीला, ईदला तेवढा येई. अरीबा बोलत नव्हती. ऐकू सगळं यायचं. कुकरची शिट्टी झाली की कानावर हात जायचे. डॉक्टरांनी आजाराचं नाव इंग्रजीत लिहून दिलं होतं. जोयाने तो कागद कपाटात, कपड्यांच्या घडीखाली ठेवला होता.

शेजारच्या गुणाबाईचं घर बांधायला निघालं आणि गल्लीत रेतीचा ढीग पडला. अरीबा त्या ढिगापाशी बसली ती उठेना. मुठीतून रेती सोडायची, पुन्हा भरायची. तिचं असं कशात मन रमलेलं जैनबने पहिल्यांदाच पाहिलं. तिने घमेलंभर रेती मागून आणली.

पिठाच्या चाळणीने दोनदा चाळली. मग धुवायला बसली. नदीची रेती अंगात माती लपवते. पाणी नितळ येईपर्यंत धुतली नाही तर कुठलाही रंग तिच्यावर मळकटच बसतो. सात पाणी झाली. गुणाबाई दारात उभी राहून बघत होती.

"काऊन वो जैनबबाई, तांदूळ धुतल्यावानी रेती धुवून राह्यली? नातीले भात घालतं का याचा?"

"तुमच्या भिंतीत गेली असती, गुणाबाई. इथी निदान कोणाच्या हातात तरी आहे."

"घे बापा, घे. माह्या भिंतीलेच नजर लागली म्हणा!" गुणाबाई हसत गेली.

खायचा रंग गरम पाण्यात विरघळवून, चिमूटभर तुरटी टाकून जैनबने रेती त्यात मुरवली. छतावर वाळत टाकायची सोय नव्हती, वरून खाणीतल्या कोळशाची काळी भुकटी बसते. म्हणून आतल्या खोलीत जुन्या चादरीवर पसरली. अरीबा शेजारी उकिडवी बसली. जैनबने सवयीने ओठांवर बोट ठेवलं.

"अभी नाई हं, बेटा. वाळू दे. वाळल्याबिगर नाव नाई घ्यायचं."

अरीबानेही ओठांवर बोट ठेवलं. दोघी बसून राहिल्या. मार्चचं ऊन खिडकीतून सरकत होतं. रेती वाळली तशी जैनबने चिमूट उचलून तिच्या तळहातावर सोडली आणि सांगितलं, "पिवळा."

असं बारा दिवस चाललं. तेराव्या दिवशी, रेती वाळल्यावर जैनब चिमूट उचलायला वाकली, तेवढ्यात शेजारून आवाज आला, "पिवळा."

जैनबने लगेच मान वर केली नाही. पाखरू उडून जाईल असं तिला वाटलं.

मग गुलाबी आला, हिरवा आला. महिनाअखेर अरीबा पाच रंगांची नावं घेत होती. दर वेळी आधी ओठांवर बोट, मग हात फिरवून रेती वाळली का बघणं, मग नाव. जोया कामावरून आली की दारातच चपला टाकून ऐकायला बसायची. एकदा ऐकता ऐकता रडली आणि मग अरीबाच्या गालाला गुलाबी रेती लावून हसली.

हे सगळं वेळेवर झालं असं दोघींना वाटलं, कारण चंद्रपूरच्या शाळेत प्रवेशासाठी अरीबाला न्यायचा दिवस ठरला होता. मुबीनने सांगून ठेवलं होतं, या शाळेने घेतलं तर ठीक, नाही तर नागपूरची निवासी शाळा, अशाच मुलांची. तिथे घरच्यांना महिन्यातून एकदा भेटता येतं. जोया त्याच्याशी भांडली नाही. तिलाही दुसरं काही सुचत नव्हतं.

मुलाखत नाही, नुसती भेट आहे, असं शाळेने कळवलं होतं. मॅडम तरुण होत्या, आवाजाने मऊ. बाहेर बाकांवर आणखी पोरं रडत होती. अरीबा रंगांची नावं घेते, हे जोयाने आल्याआल्याच सांगितलं. मॅडमना आनंद झाला. त्यांनी ब्रश पाण्यात बुडवला, कागदावर मोठा गोल काढला.

"सांग बरं बेटा, हा कोणता रंग?"

गोल चमकत होता. कडेला पाण्याचा थेंब जमला होता. अरीबाने ओठांवर बोट ठेवलं.

मॅडम हसल्या. त्यांनी दुसरा गोल काढला, मग तिसरा. अरीबा कागदाच्या अगदी जवळ वाकून बघत होती. बोट ओठांवरच होतं.

"मॅडम, जरा वाळू द्या," जैनब म्हणाली. "वाळल्यावर बोलते ते."

"काय वाळू द्या?"

जैनबने सांगायला सुरुवात केली. रेती, कापड, सासू... एकात एक गुंतत गेलं. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण बाहेरच्या बाकांकडे पाहिलं. वहीचं पान उलटायला त्यांनी हात उचलला. जैनबने अरीबाचं बोट ओठांवरून ओढून काढलं.

"बोल ना, बेटा! अभी बोल. लाल आहे नं? म्हण, लाल!"

अरीबाने आजीकडे पाहिलं. नंतर कितीतरी दिवस जैनब तेच आठवत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. पायाखालची पायरी कोणी काढून घ्यावी तसं काहीतरी होतं. मग अरीबाने दोन्ही हात कानांवर दाबले आणि डोळे मिटले.

मॅडमनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "पुढच्या वर्षी बघू," म्हणाल्या. पुढच्या वर्षी प्रवेशाचं वय निघून जाणार होतं, हे त्यांना आणि जोयाला, दोघींनाही माहीत होतं.

घरी येऊन जैनबने नवी रेती धुतली, रंगवली, पसरली. ओठांवर बोट ठेवून बसली. अरीबा भिंतीकडे तोंड करून झोपली होती. दुसऱ्या दिवशी तेच, आठव्या दिवशीही तेच. कोरडी रेती तळहातावर सोडली तर अरीबा हात उलटा करायची. रेती खाली पडायची.

"तू काऊन तोडली रीत, अम्मी?" जोयाने एकदाच विचारलं. "तूच शिकवली होती नं तिले?"

"मले वाटलं, हातची शाळा जाते."



मेअखेर नागपूरचा फॉर्म आला. जोया जमिनीवर पालथी पडून तो भरत होती. मुलाचं नाव, रक्तगट, सवयी. मग तिचा पेन थांबला.

"मूल बोलते का, विचारून राह्यले. काय लिहू?"

जैनब भाजी निवडत होती. अरीबा तिच्या पाठीशी, तिला न टेकता बसली होती.

"बोलते लिहू? बोलत होती नं?"

"लिहिलं तं तिथी बोल म्हणतीन तिले," जैनब म्हणाली. "सगळ्यांसमोर उभी करून बोल म्हणतीन."

 जोयाने लिहिलं, "नाही". पान उलटलं आणि पुढचा प्रश्न वाचायला घेतला.